निकट-संगणन आणि पुरुषोत्तमनगर : दूरसंचार व्यवसायाच्या एका गृहीतकाची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

दूरसंचार कंपन्यांच्या व्यवसायविषयक लेखनात गेल्या काही वर्षांपासून एक गृहीतक सिद्धान्ताच्या थाटात वावरू लागले आहे. संगणनाचे काम दूरच्या मध्यवर्ती केंद्राकडून निघून कारखाना, बंदर, खाण वा रुग्णालय ह्यांच्या आवारात येईल. तेथवर तारा आणि लहरी पोहोचविणाऱ्या कंपनीकडेच ते स्वाभाविकपणे सोपविले जाईल. आणि केवळ वहनाच्या दरावर जगणाऱ्या ह्या कंपन्यांना उत्पन्नाचे नवे साधन लाभेल, असे ते गृहीतक आहे. ह्या पद्धतीस व्यवहारात ‘एज कॉम्प्युटिंग’ म्हणतात. एज म्हणजे कड. जाळ्याच्या मध्यापासून दूर आणि वापरणाऱ्याच्या जवळ असलेले टोक. प्रस्तुत विवेचनात तिच्यासाठी ‘निकट-संगणन’ हा शब्द योजिला आहे. आणि ते एखाद्या संस्थेच्या आवारात, केवळ तिच्याच उपयोगासाठी असेल तर त्यास ‘खासगी’ म्हटले आहे.

ह्या गृहीतकाच्या पुष्ट्यर्थ दिली जाणारी उदाहरणे बहुधा मोठ्या शहरांजवळच्या, वर्षभर चालणाऱ्या आणि भांडवलाने समर्थ अशा कारखान्यांची असतात. अनुकूल परिस्थितीत खरे ठरलेले विधान सर्वत्र खरे असतेच असे नाही. म्हणून त्याची परीक्षा प्रतिकूल स्थळी करणे अधिक उद्बोधक होय. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात असलेले पुरुषोत्तमनगर हे अशा परीक्षेस योग्य स्थळ आहे. पी. के. अण्णा पाटील ह्यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना येथे आहे. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला, मुख्यतः आदिवासी वस्तीचा. नीती आयोगाच्या २०१८ सालच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. कारखाना हंगामी, मालकी सहकारी आणि महानगर दूर, अशी ही स्थिती आहे. येथे गृहीतक कितपत टिकते, हे पाहावयाचे आहे. ह्या विशिष्ट कारखान्याच्या अंतर्गत कारभाराचे परीक्षण हा येथील हेतू नाही. अशा स्थळी असलेल्या सहकारी कारखान्याचा नमुना म्हणूनच त्याचा विचार केला आहे.

२. गृहीतकाचा उगम

ह्या कल्पनेला तांत्रिक मान्यता प्रथम यूरोपात मिळाली. यूरोपीय दूरसंचार मानक संस्थेने २०१४ साली ह्या विषयासाठी स्वतंत्र गट स्थापन केला. अमेरिकेत २०१९ च्या अखेरीस ॲमेझॉन आणि व्हेरायझन ह्यांनी दूरसंचार जाळ्याच्या कडेला संगणन ठेवण्याची संयुक्त योजना जाहीर केली. ह्या योजनेतील श्रमविभाग मार्मिक आहे. संगणन ॲमेझॉनचे, जागा आणि वहन दूरसंचार कंपनीचे. ज्या वहनाच्या व्यवसायातून बाहेर पडावयाचे, तोच व्यवसाय नव्या नावाने पुन्हा कंपनीच्या वाट्यास आला. ॲमेझॉनलाही ह्या क्षेत्रात सर्वत्र यश आले असे मात्र नाही. तिने २०२१ साली जाहीर केलेली पाचव्या पिढीच्या खासगी जाळ्याची सेवा २०२५ साली बंद करण्यात आली. ह्यावरून एवढे निश्चित होते की, संस्थेच्या आवारातील संगणनावर कोणाचा स्वाभाविक हक्क आहे, हे अद्याप ठरलेले नाही.

भारतात ह्या गृहीतकाला जोर आला तो २०२२ साली. १ ऑगस्ट २०२२ रोजी संपलेल्या लिलावात लहरींसाठी एकूण १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली झाल्या आणि १ ऑक्टोबरला पाचव्या पिढीच्या सेवेचा आरंभ झाला. एवढा व्यय केलेल्या कंपन्यांनी सामान्य ग्राहकापलीकडे, उद्योगांकडे दृष्टी वळवावी हे क्रमप्राप्तच होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एअरटेल आणि आय. बी. एम. ह्यांनी २० शहरांतील १२० केंद्रांवर आधारलेली निकट-संगणनाची योजना जाहीर केली. मारुती सुझुकीचे नाव तिच्या आरंभीच्या ग्राहकांत होते. डिसेंबरमध्ये चाकण येथील महिंद्राच्या मोटार कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्रा ह्यांनी पाचव्या पिढीचे खासगी जाळे उभारल्याचे घोषित झाले. तयार गाड्यांत प्रणाली भरण्याचे काम त्यायोगे शीघ्र झाले, असे सांगण्यात आले.

चाकणचे उदाहरण वारंवार दिले जाते. परंतु त्याचे प्रमाणमूल्य तपासून घ्यावयास हवे. सेवा पुरविणाऱ्या दोन संस्थांपैकी एक आणि सेवा घेणारा कारखाना ह्या दोन्ही महिंद्रा समूहातील आहेत. एका समूहाच्या अंतर्गत झालेला व्यवहार तांत्रिक शक्यतेचा पुरावा ठरू शकतो. बाजारपेठेच्या अस्तित्वाचा नव्हे. अपरिचित ग्राहक स्वतःच्या पैशाने सेवा घेतो आणि पुढील वर्षी करार पुन्हा करतो, तेव्हाच बाजारपेठ सिद्ध होते.

३. वेबरचा निकष

संगणन कोठे व्हावे, हा मूलतः उद्योगाच्या स्थाननिश्चितीचा प्रश्न आहे आणि अर्थशास्त्रात तो नवा नाही. आल्फ्रेड वेबर ह्याने १९०९ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार, प्रक्रियेत ज्या कच्च्या मालाचे वजन पुष्कळ घटते त्यावरील प्रक्रिया मालाच्या उगमस्थानाजवळ व्हावी. जेथे वजन फारसे घटत नाही तेथे हा आग्रह उरत नाही. कच्चा माल आणि पक्का माल ह्यांच्या वजनांच्या गुणोत्तरास त्याने द्रव्यनिर्देशांक म्हटले. ऊस हे ह्याचे नमुनेदार उदाहरण होय. शंभर टन उसातून सुमारे दहा-अकरा टन साखर निघते. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. साखर कारखाना उसाच्या शिवारात उभा राहतो तो ह्याच कारणाने.

हाच निकष नोंदींना लावून पाहता येतो. वजनकाट्यावरील एका नोंदीत सभासदाचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन आणि वेळ एवढेच असते. उदाहरणादाखल रोज ५,००० टन गाळप आणि प्रत्येक गाडीत २० टन ऊस धरला, तर दिवसाला २५० गाड्या आणि ५०० वजने होतात. ह्या सर्व नोंदींचा भार एका साध्या छायाचित्राहूनही कमी भरेल. आणि ह्या मालात घट जवळजवळ होतच नाही. जी नोंद जाते तीच उपयोगाची असते. वेबरच्या निकषाने ती कोठेही पाठविली तरी चालेल.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. सेकंदाला ४ मेगाबिट ह्या वेगाने चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट माल निर्माण करतो. गाडीतळ, वजनकाटा, गव्हाण आणि गोदाम मिळून असे दहा कॅमेरे असले तर ४३२ गिगाबाइट. त्यातून निष्पन्न काय व्हावयाचे? अमुक क्रमांकाची गाडी काट्यावर पूर्ण चढली नव्हती. गव्हाणीत उसाबरोबर लोखंडाचा तुकडा आला. अशी चार-दोन वाक्ये. येथे घट प्रचंड आहे, म्हणून प्रक्रिया जागच्या जागी होणे हेच शहाणपणाचे. यंत्रांच्या कंपनांच्या अखंड नोंदींचेही असेच आहे. तात्पर्य, निकट-संगणनाची गरज उद्योगाच्या जातीवरून ठरत नाही; ती नोंदीच्या जातीवरून ठरते.

४. कारखान्यातील चार कामे

साखर कारखान्यातील संगणनयोग्य कामे स्थूलमानाने चार वर्गांत मांडता येतात. पहिला वर्ग यंत्रनियंत्रणाचा : गिरणीच्या रोलरांचा वेग, उसाचा पुरवठा, बॉयलरचा दाब. येथे क्षणाच्या अंशात निर्णय लागतो; परंतु हे काम आधुनिक कारखान्यांत यंत्राशेजारील नियंत्रक पूर्वीपासूनच करीत आले आहेत. ते निकट-संगणनच होय, केवळ त्यास ते नाव मिळालेले नव्हते. बॉयलरच्या दाबाचे नियंत्रण कोणताही अभियंता दूरसंचार कंपनीच्या स्वाधीन करणार नाही. म्हणून सर्वांत तातडीच्या ह्या कामात कंपनीला संधी जवळजवळ नाही.

दुसरा वर्ग यंत्रांच्या प्रकृतीची देखरेख आणि चित्रण ह्यांचा. वर सांगितल्याप्रमाणे येथे निकट-संगणनास खरे क्षेत्र आहे. ऐन हंगामात गिअरबॉक्स तुटून गाळप थांबले, की तळावरच्या शेकडो टन उसाचा प्रश्न उभा राहतो; बिघाडाची पूर्वसूचना मिळण्याचे मोल म्हणूनच मोठे.

तिसरा वर्ग शिवारातला : लागवडीची नोंद, तोडणीचा क्रम, जमिनीतील ओल, टोळ्यांच्या हालचाली. ह्या नोंदी लहान असतात आणि त्यांवरील निर्णय तासांत किंवा दिवसांत घ्यावयाचा असतो. दूरचे केंद्र येथे पुरेसे आहे. उणीव असते ती शिवारातील सार्वजनिक जाळ्याची, आणि विशेषतः सातपुड्याच्या पायथ्यापासून वर धडगाव-अक्कलकुव्याकडे ती अधिक जाणवते. खासगी संगणनाने ती भरून निघणारी नाही.

चौथा वर्ग वजनकाट्याचा. वेबरच्या निकषाने तो गौण ठरला. परंतु सभासदाच्या दृष्टीने तोच मुख्य आहे, आणि गृहीतकाची खरी कसोटी येथेच लागते.

५. वेग नव्हे, अखंडता

निकट-संगणनाच्या समर्थनार्थ सर्वांत अधिक उच्चारला जाणारा शब्द म्हणजे वेग. पुरुषोत्तमनगरच्या संदर्भात त्याची सत्यता अंकगणिताने पाहता येते. मुंबई येथून सरळ रेषेत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. काचतंतूचा मार्ग वळणावळणाचा म्हणून ५०० किलोमीटर धरू. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाण्यायेण्यास पाच मिलिसेकंद. मधल्या यंत्रांचा विलंब मिळवून हा आकडा अनेक पटींनी वाढला, तरी काट्यावर मिनिटभर उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याची जाणीवही होणार नाही. वेगाच्या मुद्द्यावर काट्यासाठी निकट-संगणन विकणे हे न लागलेल्या तहानेवर पाणी विकण्यासारखे आहे.

खरा प्रश्न अखंडतेचा आहे. गळीत रात्रंदिवस चालते. रस्त्याच्या खोदकामात काचतंतू तुटला आणि नोंद करणारी प्रणाली दूरच्या केंद्रात असली, तर काटा थांबतो. काटा थांबला की तळावर गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो, वाहतूकदाराची खेप बुडते, आणि ज्याच्या उसाचे वजन व्हावयाचे राहिले त्याचे वजन प्रत्यक्षातच घटते. म्हणून वजनाची नोंद संपर्कावाचून चालू राहिली पाहिजे आणि संपर्क येताच पुढे गेली पाहिजे. निकट-संगणनाचे येथील समर्थन हे आहे. ह्याच कारणाने २० शहरांतील केंद्रांची योजना पुरुषोत्तमनगरला निरुपयोगी ठरते. कारण तुटणारा दुवा शहर आणि कारखाना ह्यांच्या दरम्यानच असतो. शहरातील केंद्र मुंबईच्या दृष्टीने कडेला असेल; शहाद्याच्या दृष्टीने ते मध्यच होय.

६. स्थान आणि स्वामित्व

वेबरची उपपत्ती उद्योग कोठे असावा हे सांगते. तो कोणाचा असावा ह्याविषयी ती मौन पाळते. महाराष्ट्रात ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रवरेच्या काठी दिले गेले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने असे प्रतिपादिले की, प्रक्रिया शिवाराजवळ होणे पुरेसे नाही. ती ऊस पिकविणाऱ्यांच्या मालकीची असली पाहिजे. खासगी कारखानेही शिवारातच होते. भेद स्वामित्वाचा होता. दूरसंचार कंपन्यांच्या लेखनातील मूलभूत उणीव हीच की, ते स्थानाचा प्रश्न सोडवून स्वामित्वाचा प्रश्न सुटला असे मानते.

वजनाच्या नोंदीचे अर्थमूल्य केवढे, हे एका हिशेबावरून दिसेल. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास रास्त व किफायतशीर दर क्विंटलला ३४० रुपये होता. उताऱ्यातील प्रत्येक ०.१ टक्का वाढीस ३.३२ रुपये अधिक. वीस टनांच्या खेपेत एक टक्का, म्हणजे २०० किलो, वजन कमी नोंदले गेले, तर तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा जाण्यापूर्वी ६८० रुपयांचा फरक पडतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत द्यावयाची रक्कम ह्याच नोंदीवर आधारलेली असते. काटामारीची तक्रार आणि काटे ऑनलाइन करण्याची मागणी ऊस उत्पादकांच्या संघटनांनी राज्यात वारंवार केली आहे, ती ह्याचमुळे.

आता एक विरोध स्पष्ट होतो. अखंडतेसाठी नोंद कारखान्याच्या आवारात राहिली पाहिजे. परंतु ती केवळ तेथेच राहिली, तर ज्याच्याविषयी शंका त्याच्याच हाती पुरावा राहतो. ‘खासगी’ ह्या विशेषणाचा व्यवस्थापनाला वाटणारा गुण सभासदाला दोष वाटू शकतो. ह्यावर उपाय नाही असे नाही. प्रत्येक नोंदीला अखंड अनुक्रमांक द्यावा. तीत मागील नोंदीवरून काढलेली खूण गुंफावी, म्हणजे मधली एक नोंद बदलली तर पुढील सर्व खुणा चुकतील. आणि नोंद होताच, किंवा संपर्क येताच, तिची एक प्रत बाहेरच्या तटस्थ ठिकाणी आणि एक सभासदाच्या मोबाइलवर जावी. काट्याच्या अचूकतेची पडताळणी २००९ च्या वैधमापन अधिनियमाखाली होते. नोंदीच्या अचलतेची हमी मात्र अशा रचनेतूनच मिळू शकेल. काटाच खोटे सांगत असेल तर ही रचना त्यास पकडू शकणार नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नोंद झाल्यानंतरचा फेरफार तेवढा ती उघड करील.

दूरसंचार कंपनीची वास्तविक संधी येथे आहे, आणि तिच्या व्यवसायविषयक लेखनात नेमकी हीच क्वचित आढळते. कारखाना आणि सभासद ह्या दोन पक्षांत ती तिसरा पक्ष आहे. दोघांपर्यंत तिचे जाळे पोहोचते. वेळेची नोंद ठेवणे हा तिच्या व्यवसायाचा नित्याचा भाग आहे. साक्षीदाराची भूमिका घेण्यास ती योग्य आहे. परंतु साक्षीदाराने साक्षीपलीकडे काही घ्यावयाचे नसते. सभासदाच्या उसाच्या, देण्याच्या आणि शेताच्या नोंदी कंपनीने अन्य व्यापारासाठी वापरल्या, तर २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियमाचा प्रश्न तर येईलच. पण त्याआधी तिचे तटस्थत्वच संपेल, आणि ज्यासाठी तिला मोबदला द्यावयाचा ती वस्तूच उरणार नाही.

७. लहरी, हंगाम आणि भाडे

संधी आहे असे ठरल्यावर तिच्या अटी कोण ठरवितो, हे पाहिले पाहिजे. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी जाळ्यांविषयी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांत चार मार्ग दाखविले होते : कंपनीने आपल्या सार्वजनिक जाळ्याचा भाग वेगळा काढून द्यावा; तिने संस्थेच्या आवारात स्वतंत्र जाळे उभारावे; संस्थेने कंपनीकडून लहरी भाड्याने घ्याव्यात; किंवा त्या शासनाकडून थेट मिळवाव्यात. चौथ्या मार्गासाठी प्रथम मागणीचा अभ्यास व्हावयाचा होता आणि त्यात १०० कोटी रुपयांहून अधिक नक्त मूल्य असलेल्या संस्थांनाच स्थान होते. कर्जाच्या बोजाखाली असलेल्या सहकारी कारखान्यास हा उंबरठा ओलांडणे दुष्कर. सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया ह्या दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने तर थेट वाटपालाच विरोध केला. जर्मनीने २०१९ सालापासून ३७०० ते ३८०० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा स्थानिक वापरासाठी अर्जदारांना थेट खुला केला, हे येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. जेथे ग्राहकाला अन्य मार्ग असतो तेथे कंपनीचे यश सेवेचे असते. जेथे मार्ग बंद असतो तेथे त्यातला काही भाग केवळ नियमाचा असतो. भारतीय कंपन्यांच्या संधीचे मोजमाप करताना हे दोन भाग वेगळे करणे अगत्याचे आहे.

दुसरी अडचण हंगामाची. गाळप १५० दिवस चालले असे धरले, तर ते वर्षाच्या ४१ टक्के होते. वर्षभराचे भाडे ह्या दिवसांवर पडले, की वापराच्या प्रत्येक दिवसाचा खर्च सुमारे २.४ पट होतो. मोटार कारखान्यासाठी आखलेली भाडेपद्धती येथे जशीच्या तशी लागू करणे म्हणूनच अन्यायाचे. आसवनी किंवा वीजनिर्मिती जेथे हंगामाबाहेरही चालते तेथे हा भार काहीसा हलका होईल. गाळपाच्या टनावर आकारणी करणे हा अधिक न्याय्य पर्याय होय. त्यात अल्प उसाच्या वर्षाची झळ दोघांनी वाटून घेतली जाते.

एकट्या पुरुषोत्तमनगरसाठी कोणतीही कंपनी अशी पद्धती आखणार नाही, हा आक्षेप यथार्थ आहे. परंतु महाराष्ट्रात अलीकडील हंगामांत सुमारे दोनशे कारखाने गाळप करीत आले आहेत. त्यांची कामे, नोंदी आणि कायदेशीर बंधने सारखीच आहेत. एकच रचना तयार करून सहकारी साखर कारखान्यांच्या राज्य संघामार्फत एकत्रित करार केला, आणि मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेने तांत्रिक परीक्षण केले, तर बाजारपेठ दोनशे कारखान्यांची होते आणि घासाघीस करण्याची शक्तीही तितकीच वाढते. ह्यात एक धोका संभवतो. हंगाम सर्वांचा एकाच वेळी असल्याने दुरुस्तीची मागणीही एकाच वेळी येईल. म्हणून करारात यंत्राच्या क्षमतेपेक्षा माणसाच्या उपस्थितीची अट महत्त्वाची ठरते. शहादा येथे रात्री दोन वाजता येऊ शकणारा तंत्रज्ञ नसेल, तर कितीही समर्थ यंत्र हे अडगळच होय.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून मूळ गृहीतकाविषयी पुढील निर्णय करता येतो. खासगी निकट-संगणनाची गरज पुरुषोत्तमनगरसारख्या स्थळी खरी आहे. परंतु ती वेगापोटी उद्भवलेली नसून चित्रणातील नोंदींची घट आणि वजनकाट्याची अखंडता ह्यांतून उद्भवलेली आहे. हे काम दूरसंचार कंपनीकडे स्वाभाविकपणे येते, हे विधान मात्र असिद्ध आहे. यंत्रनियंत्रण तिच्याकडे येणार नाही. शहरातील केंद्रे येथे उपयोगी पडणार नाहीत. आणि संगणकाचा पुरवठा अन्य कोणीही करू शकेल. तिच्याजवळ विशेष असे जे उरते ते म्हणजे दुव्याची जबाबदारी, दुरुस्तीची तत्परता आणि दोन पक्षांमधील तटस्थ साक्ष. ह्या तीन गोष्टींचा मोबदला ती मागू शकते. नोंदींचे स्वामित्व मागू शकत नाही.

ह्या निर्णयाची पडताळणी पदव्युत्तर संशोधनाला शक्य आहे. एका हंगामात संपर्क किती वेळा व किती काळ तुटला, त्या काळात काटा चालू राहिला की थांबला, आणि सभासदास पावती व मोबाइलवरील संदेश ह्यांत किती अंतराने व कितपत एकसारखी नोंद मिळाली, ह्या तीन गोष्टी चार-सहा कारखान्यांत मोजल्या, तर व्यवसायसंधीविषयीचे पुष्कळसे मोघम बोलणे बाजूस सरेल. तो अभ्यास करताना कंपनीच्या उत्पन्नाबरोबर काट्याखाली गाडी उभी करून पावतीची वाट पाहणाऱ्या सभासदाचा लाभही मोजला गेला पाहिजे. सहकारी कारखान्यात उत्पादक आणि मालक एकच असतो. त्याला न पटणारी नोंद कितीही निकट संगणित झाली, तरी ती त्याच्यापासून दूरच राहते.